एकाच फॉर्मचं क्रोममध्ये एक, आयफोनवर भलतंच! ब्राउझर एकसारखे का वागत नाहीत आणि यावर मुंबईतून काय उपाय निघाला?

दहावीचा निकाल लागला की गोवंडी स्टेशनच्या बाहेर, शिवाजी नगरमध्ये, बैंगनवाडीत, देवनारच्या गल्ल्यांमध्ये एक पाटी हमखास दिसते. ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ झेरॉक्सचं मशीन, एक जुना कॉम्प्युटर, बाजूला प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि बाहेर रांग. ॲडमिशन, स्कॉलरशिप, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळं इथूनच होतं.

या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला एक मंत्र पाठ असतो. फॉर्म अडकला, ‘पुढे जा’ बटण दाबूनही काही होत नाही, फोटो अपलोड होत नाही, की पहिला सल्ला ठरलेला, “दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघ.”

गंमत म्हणजे बऱ्याचदा हा उपाय लागू पडतो. इंटरनेट तेच, वेबसाइट तीच, माणूस तोच. मग ब्राउझर बदलल्यावर फॉर्म कसा काय चालायला लागतो? आणि शेवटच्या तारखेला रात्री साडेअकरा वाजता ज्याला हा मंत्र माहीतच नाही, त्याचं काय?

याचं उत्तर शोधायला थेट १९९५ सालात जावं लागतं.

दहा दिवसांत बनलेली भाषा

तेव्हा नेटस्केप नावाच्या कंपनीचा ब्राउझर जोरात होता. वेबपेज म्हणजे नुसता मजकूर आणि चित्रं. बटण दाबलं, काही हललं, काही तपासलं गेलं, असा प्रकार नव्हता. ते करायला एक छोटी भाषा हवी म्हणून कंपनीने ब्रेंडन आइक याला कामाला लावलं. त्याने मे १९९५ मध्ये जेमतेम दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट म्हणून ओळखली गेली.

मायक्रोसॉफ्टलाही तेच हवं होतं. पण नेटस्केपने काही त्यांना नकाशा काढून दिला नव्हता. मग मायक्रोसॉफ्टने समोरच्याचं काम बघून आपली आवृत्ती तयार केली, नाव ठेवलं जेस्क्रिप्ट आणि १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये ती बसवली. भाषेचं अधिकृत नियमपुस्तक आलं जून १९९७ मध्ये. म्हणजे आधी दोन घरं बांधून झाली आणि नंतर प्लॅन काढला गेला.

त्यातही मेख अशी की नियमपुस्तक फक्त भाषेचं होतं. ब्राउझरच्या आतल्या वस्तूंशी, म्हणजे बटण, खिडकी, फॉर्म यांच्याशी कसं बोलायचं हे त्यात नव्हतं. त्यामुळे ‘या बटणावर क्लिक झालं की मला कळव’ हे साधं वाक्य एका ब्राउझरला एका शब्दात सांगायचं आणि इंटरनेट एक्सप्लोररला दुसऱ्याच शब्दात. एकच काम, दोनदा लिहायचं.

बऱ्याच वेबसाइटवाल्यांनी यावर सोपा मार्ग काढला. पानाच्या तळाशी ‘ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा’ अशी सूचना टाकली आणि विषय संपवला. मराठी वाचकांना तर याचा दुहेरी फटका होता. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरायच्या आणि ते आपोआप उतरवण्याची त्यांची सोय इंटरनेट एक्सप्लोररपुरती चालायची. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. तो वाचता यावा म्हणून ‘पद्मा’ नावाचं एक ॲड-ऑन लोक टाकून घ्यायचे. परदेशात बसून गावाकडची बातमी वाचू पाहणाऱ्या त्या पिढीला हे सांगायची गरज नाही.

मग लायब्ररी आली

लायब्ररी म्हणजे काय? तर आधीच लिहून ठेवलेला, कुणालाही आपल्या वेबसाइटमध्ये जोडता येईल असा कोड. प्रत्येकाने घरी मसाला कुटण्याऐवजी एकाने नीट कुटून पाकिटात भरायचा, बाकीच्यांनी वापरायचा.

१४ जानेवारी २००६ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका कार्यक्रमात जॉन रेसिग या तरुणाने जेक्वेरी नावाची लायब्ररी लोकांसमोर आणली. तिचं म्हणणं साधं होतं. तुम्ही एकदाच सांगा, ‘क्लिक झालं की कळव.’ समोर कोणता ब्राउझर आहे आणि त्याला ते कोणत्या शब्दात सांगायचं, ही डोकेदुखी आमची. लोकांनी ती अक्षरशः डोक्यावर घेतली. आजही जगातल्या बहुसंख्य वेबसाइटच्या पोटात कुठेतरी जेक्वेरी सापडते.

पण लायब्ररी लिहिणाऱ्याचं काय? वेबसाइट बनवणाऱ्याला फक्त आपल्या साइटची चिंता असते. लायब्ररीवाल्याचा कोड हजारो अनोळखी साइटमध्ये, लाखो अनोळखी फोनवर चालणार असतो. ब्राउझरमधला प्रत्येक फरक त्याच्या दारात येतो.

सुरुवातीला लायब्ररीवाल्यांनीही सरळ ब्राउझरला नाव विचारायचा मार्ग धरला. प्रत्येक ब्राउझर वेबसाइटकडे जाताना स्वतःची ओळख सांगतो. ‘तू इंटरनेट एक्सप्लोरर आहेस का? मग हा कोड घे.’ वाटतं बरोबर, पण ब्राउझर याबाबतीत अट्टल खोटारडे आहेत. नव्वदच्या दशकात काही साइट चांगलं पान फक्त ‘मोझिला’ म्हणवणाऱ्यालाच, म्हणजे नेटस्केपलाच द्यायच्या. म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. मग बाकीचेही. आज तुमच्या फोनमधला क्रोम आपली ओळख सांगताना मोझिला, ॲपलवेबकिट, गेको, क्रोम आणि सफारी अशी पाचही नावं घेतो. म्हणजे नाव विचारून काहीच कळत नाही.

ऑपेरा ब्राउझरची फजिती तर भारीच. त्याची दहावी आवृत्ती यायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की कित्येक साइट आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचतात. १० मधला १ वाचून त्या म्हणणार, अरे, हा तर पहिल्या आवृत्तीचा प्राचीन ब्राउझर! शेवटी ऑपेराने आपली ओळख ९.८० अशीच ठेवली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सची १०० वी आवृत्ती आली तेव्हा दोन अंकी आकड्याची सवय झालेल्या साइट पडतील का, अशी धास्ती पुन्हा होतीच.

यातून शहाण्या लायब्ररीवाल्यांनी दुसरी रीत घेतली. नाव विचारायचंच नाही, काम येतं का ते विचारायचं. ‘तू कोण?’ ऐवजी ‘तुला हे जमतं का?’ जमत असेल तर सरळ वापरायचं, नसेल तर वळसा घ्यायचा. जेक्वेरीने ब्राउझरचं नाव सांगणारी आपली सोय जानेवारी २०१३ मध्ये १.९ आवृत्तीत काढूनच टाकली.

जमतं म्हणतो, पण नीट जमतं का?

खरा त्रास इथे आहे. काही वेळा ब्राउझर ‘हो, जमतं’ म्हणतो आणि खोटंही बोलत नाही. फक्त त्याची रीत वेगळी असते.

गुणवत्ता यादीचं उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांची यादी आधीच नावांच्या क्रमाने लावलेली आहे. आता ती गुणांप्रमाणे लावायची. दोघांना ८२ टक्के असतील तर त्यांच्यातला नावांचा क्रम तसाच राहील अशी अपेक्षा असते. फायरफॉक्समध्ये तो राहायचा. क्रोममध्ये मात्र २०१८ मध्ये ७० वी आवृत्ती येईपर्यंत एक अजब भानगड होती. यादीत १० किंवा त्याहून कमी नावं असली तर क्रम नीट राहायचा आणि ११ वं नाव आलं की सारख्या गुणांची मुलं खाली-वर होऊ शकायची. कारण छोट्या यादीसाठी क्रोम एक पद्धत वापरायचा, मोठ्या यादीसाठी दुसरी. नियमपुस्तकात याबद्दल सक्तीच नव्हती, ती २०१९ मध्ये आली.

आता विचार करा, लायब्ररी लिहिणारा माणूस तपासताना पाच-सहा नावं टाकून बघणार. सगळं झकास. आणि खऱ्या कॉलेजच्या खऱ्या यादीत गोंधळ. असा बग शोधताना माणसाचे केस पांढरे होतात.

तारखांचाही असाच इतिहास आहे. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून लिहिलं की क्रोम ते समजून घ्यायचा आणि सफारी बराच काळ ‘ही तारीखच नाही’ म्हणायचा. त्याहून वाईट म्हणजे, टाइम झोन न लिहिलेली वेळ स्थानिक धरायची की लंडनची, यावर नियमपुस्तकाच्याच दोन आवृत्त्यांचं एकमत नव्हतं. भारत लंडनच्या त्या प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणजे एका ब्राउझरमध्ये सकाळी १०.३० ला असलेली मुलाखत दुसऱ्यात दुपारी ४ ची दिसणार. हे चुकीचं उत्तर कुठलाही लाल इशारा न देता येतं, म्हणून ते जास्त घातक.

आणि मराठीचा प्रश्न तर निराळाच. ‘स्त्री’ या शब्दात अक्षरं किती? मराठी माणूस म्हणेल एक. जावास्क्रिप्टला सरळ विचारलं तर ती म्हणते सहा, कारण ती स, हलंत, त, हलंत, र आणि वेलांटी असं सुटं सुटं मोजते. ‘नाव २० अक्षरांच्या आत लिहा’ अशी अट असलेल्या फॉर्ममध्ये जोडाक्षरवाल्या आडनावांवर अन्याय होतो तो यामुळे. माणसासारखी अक्षरं मोजायची सोय भाषेत नंतर आली. पण क्रोमने ती २०२० मध्ये दिली, सफारीने २०२१ मध्ये आणि फायरफॉक्सने थेट एप्रिल २०२४ मध्ये. त्यातही युनिकोडने २०२३ मध्ये जोडाक्षरं मोजायचा नियम बदलला. जुन्या नियमाने ‘स्त्री’ची तीन अक्षरं भरतात, नव्याने एक. ब्राउझरच्या आत कोणता नियम बसलाय, त्यावर उत्तर ठरणार.

मराठीत आकडे दाखवायला सांगितले की ब्राउझर छान १२,३४,५६७ असे देवनागरी अंक देतो. पण तेच अंक परत जावास्क्रिप्टला देऊन ‘यात १ मिळव’ म्हटलं तर तिला तो आकडाच वाटत नाही. मराठीसाठी लायब्ररी लिहिणाऱ्याला ही दोन्ही टोकं स्वतः सांभाळावी लागतात.

भेगा बुजवायची पुट्टी

जुन्या ब्राउझरमध्ये एखादी सोय नसेलच तर ती बाहेरून भरायची, या कोडला पॉलिफिल म्हणतात. हे नाव रेमी शार्प या इंग्लंडमधल्या डेव्हलपरने दिलं. तिकडे भिंतीच्या भेगा बुजवायला पॉलिफिला नावाची पुट्टी मिळते, त्यावरून. भिंत जुनीच, पण भेग भरली की रंग नवा देता येतो.

पण पुट्टीने सगळं भागत नाही. नवी सोय म्हणजे नवा शब्द असेल तर तो जुन्या ब्राउझरला शिकवता येतो. नवं व्याकरण मात्र शिकवता येत नाही. फाइलमध्ये एका ठिकाणी जरी न कळणारं चिन्ह आलं तरी जुना ब्राउझर अख्खी फाइल नाकारतो. म्हणून बटण दिसतं, पण दाबल्यावर काहीच होत नाही. दुकानातला तो ‘अडकलेला’ फॉर्म बऱ्याचदा हाच असतो. यावर बेबलसारखी साधनं आहेत, जी नव्या व्याकरणाचा कोड जुन्या व्याकरणात उतरवून देतात. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनच्या आत फायरफॉक्सचं २०१६ चं इंजिन होतं. ज्यांनी हे भाषांतर केलं नाही, त्यांच्या साइट जिओफोनवर मुक्या झाल्या.

लायब्ररीवाल्यांनी स्वतः घातलेले घोळही कमी नाहीत. मूटूल्स नावाची जुनी लायब्ररी भाषेच्या मूळ वस्तूंनाच आपली कामं जोडायची. २०१८ मध्ये भाषेत ‘फ्लॅटन’ नावाची अधिकृत सोय येणार होती. मूटूल्समध्ये त्याच नावाचं काम आधीपासून होतं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती सोय चालू केल्याबरोबर जर्मनीतली एक हवामानाची साइट मोडली. कुणीतरी गमतीने ‘मग नाव स्मूश ठेवा’ असं सुचवलं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. शेवटी सोयीचं नाव ‘फ्लॅट’ ठेवलं गेलं. दुसऱ्याच्या घराच्या भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, हा लायब्ररीवाल्यांचा अलिखित नियम तेव्हापासून सगळ्यांच्या पक्का लक्षात राहिला.

पुट्टी उसनी आणली तर काय होतं, तेही बघा. पॉलिफिल.आयओ ही फुकट सेवा होती. तिची एक ओळ साइटमध्ये टाकली की समोरच्या ब्राउझरला लागेल तेवढी पुट्टी ती आपोआप पाठवायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं डोमेन एका चिनी कंपनीच्या हातात गेलं आणि जूनमध्ये उघड झालं की काही मोबाइल वापरणाऱ्यांना ती गुपचूप सट्टेबाजीच्या साइटवर ढकलत होती. एक लाखाहून जास्त वेबसाइटमध्ये ती ओळ होती. यातल्या कित्येकांना पुट्टीची गरज उरलीच नव्हती, ती ओळ काढायला कुणी गेलंच नव्हतं.

तपासायचं कुठे? उत्तर मुंबईत सापडलं

इतके ब्राउझर, इतक्या आवृत्त्या, इतके फोन. एकट्या डेव्हलपरने ते तपासायचे कसे? एका विंडोज कॉम्प्युटरवर इंटरनेट एक्सप्लोररच्या दोन आवृत्त्या एकत्र नांदायच्या नाहीत. प्रत्येकासाठी वेगळा कॉम्प्युटर घ्यायचा तर घर गहाण टाकावं लागेल.

गोवंडीपासून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटी बॉम्बेमध्ये शिकलेले रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल हे दोघे मित्र याच त्रासातून गेले. आपल्या कामाची वेबसाइट बनवताना इंटरनेट एक्सप्लोररने त्यांना छळलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की धंदा तर इथेच आहे. २०११ मध्ये मुंबईत त्यांनी ब्राउझरस्टॅक सुरू केलं. कल्पना अशी की वेगवेगळे ब्राउझर आणि फोन आम्ही आमच्याकडे चालू ठेवतो, तुम्ही इंटरनेटवरून ते भाड्याने वापरा. तुमची साइट जुन्या आयफोनवर कशी दिसते ते मुंबईत बसून, आयफोन न घेता बघा.

पहिली काही वर्षं कंपनी बाहेरचा पैसा न घेता ग्राहकांच्या पैशावर चालली. २०१८ मध्ये ॲक्सेलने ५ कोटी डॉलर गुंतवले. जून २०२१ मध्ये आणखी २० कोटी डॉलर आले तेव्हा कंपनीचं मूल्य ४०० कोटी डॉलर धरलं गेलं. जेक्वेरीच्या चाचण्याही ब्राउझरस्टॅकवर चालत आल्या आहेत. जगभरच्या लायब्ररीवाल्यांच्या डोकेदुखीवर मुंबईने औषध विकलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग आता सगळं ठीक झालं का?

बरंचसं. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार बंद केला. त्याच वर्षी ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी ‘इंटरॉप’ नावाचा उपक्रम सुरू केला. दरवर्षी काही सोयी निवडायच्या आणि त्या सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये सारख्या चालतील असं बघायचं. एकमेकांच्या उरावर बसलेल्या कंपन्या इतपत तरी एकत्र आल्या.

आज जगात खऱ्या अर्थाने तीनच इंजिनं उरली आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर हे सगळे आतून एकच, ब्लिंक. फायरफॉक्सचं गेको. आणि सफारीचं वेबकिट. आयफोनवर तर भारतात तुम्ही क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत वेबकिटच असतं. म्हणजे आयफोनवर फॉर्म अडकला आणि तुम्ही सफारीतून क्रोमवर गेलात, तर बऱ्याचदा फक्त वरचा रंग बदलतो. तिथे दुकानातला मंत्र खरा करायचा तर कॉम्प्युटर किंवा अँड्रॉइड फोन गाठावा लागेल.

सोशल मीडियावाल्यांसाठी आणखी एक. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये लिंक दाबली की ती बहुतेक वेळा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. तिथे गूगलने लॉगिन अडतं, फाइल अपलोड किंवा डाउनलोड रुसतं. फॉर्म भरायचा असेल तर तीन टिंबांवर जाऊन ती लिंक आधी नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा.

आणि त्या दुकानांतल्या जुन्या कॉम्प्युटरांचं? विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती आहे १०९, जानेवारी २०२३ मधली. त्यापुढे क्रोम तिथे अपडेट होत नाही. लायब्ररीवाले मात्र पुढे जातच राहतात. जेक्वेरीनेही २०१३ मध्ये २.० आवृत्ती आणताना इंटरनेट एक्सप्लोरर ६, ७ आणि ८ ला सोडून दिलं होतं. पण तेव्हा त्यांनी १.x ची जुनी शाखा जुन्या ब्राउझरवाल्यांसाठी वेगळी चालू ठेवली होती. हे सौजन्य आता फारसं कुणी दाखवत नाही. सरकारी फॉर्म बनवणाऱ्यांनी तरी ते दाखवायला हवं, कारण तिथे ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जायची सोय नसते.

तोवर, फॉर्म अडकला तर हेल्पलाइनला नुसतं ‘साइट चालत नाही’ असं कळवू नका. ब्राउझरच्या मेनूत ‘अबाउट’मध्ये त्याचं नाव आणि आवृत्तीचा आकडा असतो. तो, फोनचं मॉडेल, आणि कोणत्या पानावर कोणतं बटण दाबल्यावर काय झालं, एवढं लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. समोर बसलेल्या डेव्हलपरला तोच फोन, तीच आवृत्ती उघडून तुमचं बटण दाबून बघता येतं.